आधी सांग, शेवटचं नाटक कधी केलंस?

"ताई, मी २४ वर्षांची, राहते तासगावला, सांगलीत एका पतसंस्थेत क्लार्क आहे, पगार १४ हजार. कॉलेजला एकांकिका केल्या, दोनदा अभिनयाचं बक्षीस पण मिळालं. कॉलेज सुटून तीन वर्षं झाली, तेव्हापासून व्हॉट्सॲप ग्रुपवर कास्टिंगचे मेसेज येतात त्यांना सेल्फ टेस्ट (घरीच शूट केलेला ऑडिशनचा व्हिडिओ) पाठवते. आत्तापर्यंत ४१ पाठवल्या, एकाचाही रिप्लाय नाही. इन्स्टावर ८ हजार फॉलोअर्स आहेत. मी सावळी आहे आणि बोलण्यात गावाकडचं येतं, म्हणून होत नसेल का? मुंबईचे एक को-ऑर्डिनेटर म्हणतायत पोर्टफोलिओ आणि आर्टिस्ट कार्डचे मिळून ३५ हजार भर, लीडच्या बहिणीचा रोल पक्का. घरी स्थळं बघायला लागलेत, बाबा म्हणतात एक वर्ष देतो. नोकरी सोडून मुंबईला जाऊ का? तीन व्हिडिओ जोडलेत, प्लीज बघा. - तिसरी घंटा, तासगाव"

प्रिय तिसरी घंटा,

नाव झकास घेतलंयस. तुझे तिन्ही व्हिडिओ बघितले, त्यावर येतेच, पण आधी ते ३५ हजार. भरू नकोस. टोकन म्हणून ५ हजार पण नको, आणि "आजच्या दिवसच स्लॉट आहे मॅडम" असा फोन आला तर उचलूच नकोस.

का ते सांगते, नाहीतर तुला वाटेल ताई उगाच घाबरवतेय. मालिकेतला रोल ठरतो कसा, तर कास्टिंगवाले टेस्ट घेतात, त्यातल्या चार-पाच जणी प्रॉडक्शन हाऊस बाजूला काढतं, त्या चॅनलकडे जातात, चॅनलला पटलं तर लुक टेस्ट होते, कधी समोरच्या नटाबरोबर उभं करून मॉक शूट होतं, आणि एवढं सगळं होऊनसुद्धा शूटच्या दोन दिवस आधी मुलगी बदललेली मी या डोळ्यांनी बघितलीये, ती बिचारी ब्लाउजची मापं देऊन आली होती. म्हणजे जिथं चॅनलमधल्या माणसाला पण शेवटपर्यंत खात्री नसते तिथं हा गृहस्थ तुला न भेटता "पक्का" म्हणतोय ते कशाच्या जोरावर? खऱ्या को-ऑर्डिनेटरचं पोट कमिशनवर चालतं, तुला काम लागलं, पैसे आले, की त्यातले १०-२० टक्के तो घेतो, आणि घेऊ देत, त्याची पण मेहनत असते. पण जो कामाच्या आधीच हात पसरतो त्याचा धंदा फोटो विकायचा असतो गं. रोलशी त्याचा काही संबंध नसतो.

कार्डाचं पण तेच. सिंटा म्हणून सिने-टीव्ही कलाकारांची संघटना आहे, १९५८ पासूनची, सभासद व्हायचं असेल तर थेट तिच्याकडे जायचं, मधल्या माणसाकडून ते विकत मिळत नाही. आणि नुसत्या ऑडिशनला कुठलंच कार्ड लागत नाही, आधार कार्ड सोडून, ते पण गेटवरच्या वॉचमनला. चुकून काही पैसे आधीच दिले असशील तर लाजू नकोस, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेव, डिलीट तर मुळीच करू नकोस. मी पण फसलेय. तेव्हा मोबाइल नव्हते, एका फोटोग्राफरनं माझ्याकडून अडीच हजार घेऊन एक अल्बम करून दिला, त्यात मी हनुवटीखाली मूठ धरून कुठंतरी वर बघतेय असे १२ फोटो. तो अल्बम अजून माळ्यावर आहे, त्या मुठीनं मला एकही काम दिलेलं नाही.

तुला हवेत चार फोटो. चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण उभी, आणि एक बाजूनं. खिडकीसमोर, सकाळच्या उजेडात, मैत्रिणीच्या मोबाइलवर, फिल्टर न लावता. दारातून आत आलेली मुलगी फोटोतल्यासारखीच दिसली पाहिजे, कास्टिंगवाल्याला एवढंच हवं असतं.

आता व्हिडिओ.

पहिल्यात तू रडतेस. दुसऱ्या सेकंदाला रडायला लागतेस आणि संपेपर्यंत रडतेस, त्यामुळं तू का रडतेस हे मला कळायच्या आत मी कंटाळले. रडणं म्हणजे अभिनय ही समजूत आपल्या स्पर्धांनी लावलीये, परीक्षक पण माना डोलावतात, तुझा एकटीचा दोष नाही. दुसऱ्या व्हिडिओत समोरच्याची वाक्यं पण तूच म्हणतेस, आवाज बदलून, वर पंख्याची घरघर. ते नको करू, कुणालातरी कॅमेऱ्याच्या शेजारी बसवून क्यू घे, म्हणजे समोरच्याची वाक्यं त्याला वाचू दे, तो कितीही सपाट वाचू दे, कारण खऱ्या ऑडिशनला पण तसंच असतं, मुंबईत जिथं ऑडिशन चालतात त्या आरामनगरच्या एवढ्याशा खोलीत क्यू देणारा पोरगा दिवसभर तेच वाक्य वाचून आंबलेला असतो, "तू मला फसवलंस" हे तो वाण्याची यादी वाचल्यासारखं वाचतो आणि तुला त्याच्यावर चिडायचं असतं.

तिसरा व्हिडिओ मात्र मी तीनदा बघितला. मुलगी आईला सांगते मला एवढ्यात लग्न करायचं नाही, असा सीन. तू तो खऱ्या आईसमोर केलायस, आई परातीत बेदाणा निवडत बसलीये, तिला तुझ्या ऑडिशनशी काही देणंघेणं नाही, क्यू म्हणून दिलेलं वाक्य ती विसरली आणि वर न बघताच म्हणाली, "मग करनार काय हैस तू?" आणि तू गडबडलीस, स्क्रिप्टमधलं पुढचं वाक्य तुला आठवलं नाही, परातीतला एक काडीवाला बेदाणा उचलून काडी मोडत तू म्हणालीस, "बघू की गं." तेवढे नऊ-दहा सेकंद. त्यानंतर तू परत शुद्ध बोलायला लागलीस आणि परत मला एक ऑडिशन देणारी मुलगी दिसायला लागली. पण त्या नऊ सेकंदांत तुझ्या चेहऱ्यावर भीती होती, हट्ट होता, आणि आईला दुखवायचं नाही हे पण होतं, तिन्ही एकदम, आणि तू त्यातलं काहीच करत नव्हतीस. हात बेदाण्यात होता ना, म्हणून. मनाला कामाला लावलंस की ते खोटं बोलतं, हाताला काम दिलंस की मन आपोआप खरं वागतं. याला मोठमोठी नावं आहेत, ती शिकशील नंतर.

म्हणजे तुझ्यात आहे. हे मी सहसा लिहीत नाही, कारण तीन व्हिडिओंवरून कुणाचं भविष्य सांगायला मी कुडमुडी जोशी नाही. पण आहे.

आता तुझ्या पत्रातली जी गोष्ट मला खरी खुपली ती सांगते. तू लिहिलंयस ४१ सेल्फ टेस्ट. मी पत्र दोनदा वाचलं, मला वाटलं कुठंतरी लिहिलं असेल की मागच्या वर्षी अमुक नाटक केलं, तमुक ठिकाणी प्रयोग झाला. काहीच नाही. कॉलेज सुटल्यापासून तीन वर्षांत तू ४१ वेळा काम मागितलंस आणि एकदाही काम केलं नाहीस. अगं, पैलवान तीन वर्षं तालमीत न जाता नुसता कुस्तीच्या जोडीसाठी अर्ज करत बसला तर त्याचा वस्ताद काय म्हणेल? तुमच्या जिल्ह्यात मी हे वेगळं सांगायला नको.

आणि कुठं बसून म्हणतेस हे, तर सांगलीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला 'सीता स्वयंवर' तिथं केलं, त्याचीच आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन करतो, भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर तुझ्या पतसंस्थेपासून रिक्षाच्या अंतरावर असणार. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र सांगलीला असतं. एकांकिका नव्हे, पूर्ण लांबीचं नाटक, दीड-दोन महिने तालीम, आणि अभिनयाला रौप्यपदक. एकांकिकेत ४० मिनिटं दम धरता येतो, पूर्ण नाटकात दुसऱ्या अंकात आपला आवाज कुठं बसतो, कुठं आपण नुसतं उभं राहिलोय, हे उघडं पडतं. ते उघडं पडणं तुला आत्ता हवंय. मुंबईत गेल्यावर पडलं तर तिथं सांगणारं कुणी नसतं, नुसतं "कळवतो" म्हणतात.

आणि एक गुपित सांगते, म्हणजे गुपित कसलं, नाटकवाल्यांना सगळ्यांना माहितीये. जिल्ह्याच्या ठिकाणच्या हौशी संस्थांचं कायमचं रडगाणं एकच, स्त्री पात्र मिळत नाही. पुरुष ढिगानं, बायका नाहीत, म्हणून चांगली चांगली नाटकं बाजूला ठेवून सहा पुरुष आणि एक आवाज असली नाटकं काढतात. तू जाऊन उभी राहिलीस की तुला चहा देतील, खुर्ची देतील, प्रवासखर्च पण बहुतेक देतील. मुंबईत तू दोनशेमधली एक आहेस, सांगलीत तू नाटक उभं राहणार की नाही हे ठरवणारी आहेस. हा फायदा आधी वापर ना.

अडचण असेल ती परतीची, ते मला समजतं. तालीम सुटणार साडेनऊ-दहाला आणि तुला तासगाव गाठायचं. हे पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाला तोंडावर सांग, माझे सीन आधी घ्या, मी साडेआठला निघणार. लाजत लाजत आठव्या दिवशी सांगितलंस तर तो चिडेल, पहिल्या दिवशी सांगितलंस तर वेळापत्रक तसं लावेल. शेवटच्या पंधरा दिवसांत जेव्हा सलग तालमी लागतात तेव्हा नाटकातल्याच कुणा बाईच्या घरी राहायची सोय बघ. आणि एखाद्या वर्षी पात्र नाही मिळालं तर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळ, विंगेत बसून प्रॉम्प्टिंग कर. मी दोन वर्षं प्रॉम्प्टर होते, दुसऱ्यांची वाक्यं फुसफुसत, लोक हसायचे, पण एखादा पॉज ज्या क्षणी मरतो तो क्षण मला तिथं कळायला लागला, स्टेजवर नाही.

सावळेपणाचं. खोटं बोलत नाही, फरक पडतो. मालिकेत सावळ्या मुलीला पहिला रोल कामवालीचा, दुसरा कामवालीचा, आणि सावळ्या नायिकेचीच गोष्ट असली तर गोऱ्या मुलीला रंगवून काळं करायचं, हे सुद्धा झालंय आपल्याकडं आणि लोकांनी चवीनं बघितलंय. मला हे भयंकर चीड आणणारं वाटतं आणि माझ्या चिडण्यानं ते उद्या बदलणार नाही. पण फोटोत स्वतःला दोन शेड उजळ करून पाठवू नकोस, पाठवतेस, मी इन्स्टा बघितलं तुझं. तिथं उजळ आणि दारात सावळी असं झालं की तुझा रंग नाही, तुझी फसवाफसवी त्यांच्या लक्षात राहते. स्टेजला हा प्रॉब्लेम फार कमी आहे, तिथं रंगापेक्षा दहाव्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या डोळ्यांना किंमत आहे.

भाषेचं मात्र तुझ्या हातात आहे. "मी काल आलते, गेलते, पानी दे" हे तुझं बोलणं घालवायचं नाही, उलट आता सातारा-कोल्हापूर भागात मालिकांची शूटिंग होतात तेव्हा तिथं पुण्याच्या मुली तुझ्यासारखं बोलायचा प्रयत्न करतात आणि ते ऐकवत नाही. पण दुसरी भाषा पण यायला हवी, साडीसारखी, नेसता आली पाहिजे आणि सोडता पण. रोज २० मिनिटं पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाच, ण आणि न, ळ आणि ल कडे लक्ष देऊन. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक, ऐकायला आवडणार नाही, तरी ऐक. तुझी खरी चूक उच्चाराची नाहीच, तू वाक्याचा शेवट गिळतेस. "मला हे लग्न करायचं ना..." बास, पुढचं 'ही' पोटात. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटाला येतो बाई, शेवट गिळलास तर लग्न करायचंय की नाही हेच प्रेक्षकाला कळत नाही.

आता नोकरी. सोडू नकोस, आत्ता तरी नको. भित्रेपणातून सांगत नाहीये मी हे, हिशोबातून सांगतेय. समज तू जानेवारीत मुंबईत आलीस. नशीब जोरावर, एप्रिलमध्ये एका मालिकेत चार दिवसांचं काम लागलं. टीव्हीत पेमेंट साधारण ९० दिवसांनी होतं, हा रिवाजच आहे, म्हणजे ते पैसे येणार जुलैच्या शेवटी, त्यातून को-ऑर्डिनेटरचं कमिशन जाणार, १० टक्के टीडीएस कापलेला असणार (तो रिटर्न भरून परत मिळतो, भरत जा, निम्मी मुलं सोडून देतात). म्हणजे चांगलं नशीब धरूनसुद्धा सात महिने खिशातून, खोलीचं भाडं, डिपॉझिट, लोकल, जेवण, आणि मोबाइलचं रिचार्ज जे कधीच संपू देता येत नाही. मुंबईत राहणाऱ्या दोन मुलींना विचारून महिन्याचा खरा खर्च काढ, त्याला १२ नं गुण, डिपॉझिट मिळव, तेवढे पैसे बँकेत पडले की मग आपण राजीनाम्यावर बोलू. तू पतसंस्थेत आहेस, उत्पन्न नसलेल्या माणसाला तुम्ही कर्ज देता का?

लोक उदाहरणं देतात की अमक्यानं सगळं सोडलं आणि स्टार झाला. उलटी उदाहरणं कुणी सांगत नाही. निळू फुले पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये माळी होते. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत होते. मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली ती १९६९ ला, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, आणि त्याआधी त्यांनी नाटक थांबवलेलं नव्हतं. हे सगळे पुरुष, असं म्हणशील, तर अभिनेत्री सुलभा देशपांडे बघ, दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, आणि पुढं त्याच शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या आविष्कार या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक नाटकांचा संसार मांडला. या सगळ्यांत नोकरी होती आणि संध्याकाळी तालीम होती. तुझ्याकडं फक्त पहिली आहे.

शिकायचं म्हणत असशील तर ते मुंबईपेक्षा मला जास्त पटेल. दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तीन वर्षांचं, पदवी लागते आणि नाटकं केल्याचा अनुभव लागतो, विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप मिळते, देशभरातून मोजकीच मुलं घेतात. पुण्यात एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत स्क्रीन ॲक्टिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे, आणि विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. संभाजीनगरला पण विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथून आलेली मुलं आज सगळीकडं दिसतात. वय, फी, तारखा दरवर्षी त्यांच्याच वेबसाइटवर बघ, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नकोस. तीन महिन्यांत कॅमेरा फेसिंग शिकवून शेवटी "इंडस्ट्रीतल्या लोकांसमोर शोकेस" करणारे जे क्लास आहेत त्यांना लाखभर देण्याआधी तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या पाच जणांना फोन कर, क्लासनं दिलेले नंबर नकोत, तू शोधलेले. यातल्या चांगल्या ठिकाणी प्रवेश परीक्षेला विचारणारच, आत्तापर्यंत काय काय केलंस, आणि तिथं ४१ सेल्फ टेस्ट सांगून चालत नाही.

तरीपण एकदा मुंबई बघून ये, नाहीतर ती डोक्यातून जाणार नाही. दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांची रजा टाक, ओळखीच्या मुलीकडं राहा. वर्सोव्याला आरामनगरमध्ये जा. बंगले आहेत जुने, प्रत्येक दारावर आज कुठलं कास्टिंग आहे त्याचा कागद. रांगेत उभी राहा. आत गेल्यावर पांढऱ्या बोर्डावर नाव, वय, उंची, नंबर लिहून छातीशी धरायचं, मग डावी बाजू, उजवी बाजू, हातांची दोन्ही अंगं दाखवायची. कधी दारातच एक पोरगा वर न बघता म्हणेल, "नॉट फिट." तुझ्यापेक्षा वयानं लहान असेल. मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी चार तास उभी होते आणि मला वाटलं मी माणूस म्हणून नॉट फिट. तसं नसतं, त्याच्या कागदावर पाच फूट सहा लिहिलेलं असतं आणि तू पाच फूट दोन असतेस, संपलं. एक संध्याकाळ दादरला शिवाजी मंदिरला नाटक बघ, तिकीट काढून, आणि प्रयोगानंतर विंगेत जाऊन नुसती भेट. काम मागू नको त्या दिवशी. ठाण्याला घोडबंदर रोडला किंवा मढला ओळखीनं एखादा सेट बघायला मिळाला तर बारा तासांची शिफ्ट बघ, त्यातले नऊ तास कलाकार नुसता बसून असतो, मेकअप सांभाळत. ते बसणं तुला जमेल का हे पण बघून ये.

आणि आता जे तू विचारलं नाहीस ते. कुणी "कॉम्प्रमाइज" हा शब्द काढला, किंवा "ॲडजस्ट करावं लागतं या लाइनमध्ये" असं गोलगोल बोललं, तर तो रोल तिथंच संपला असं समज आणि उठ. मीटिंग ऑफिसात, दिवसा, हॉटेलच्या रूमवर नाही, आणि कुठं चाललीयेस त्याचं लोकेशन मैत्रिणीला पाठवून मग जायचं. कोण माणूस आहे त्याचं नाव वर्तमानपत्रात आलं असेल, त्यानं तीन सिनेमे केले असतील, फरक पडत नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शूटिंगच्या जागेला पण कामाची जागाच धरतो, प्रॉडक्शनमध्ये तक्रार समिती नसेल तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार करणं सोपं असतं असं मी म्हणणार नाही, केरळात सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या छळावरचा हेमा समितीचा अहवाल सरकारकडं जाऊन पडला होता तो बाहेर यायला २०२४ उजाडलं. पण नकार देणाऱ्या मुलींना कामं मिळत नाहीत हे जे पसरवलंय ते पसरवणारे कोण आहेत त्याचा विचार कर. मी नकार दिलाय, दोनदा, आणि मी आज तुला हे माझ्या स्वतःच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून लिहितेय. छोटा आहे, पण आहे.

फॉलोअर्सबद्दल काय सांगू. हल्ली विचारतात, हो. ८ हजारांनी काही होत नाही आणि ८ लाखांनी रोल मिळालेल्यांना दुसरा रोल मिळतोच असं पण नाही. रील कर, मजा म्हणून कर, पण दिवसातला अर्धा तास, त्या अग्रलेखाच्या २० मिनिटांनंतर.

राहिले बाबा. एक वर्ष देतो म्हणाले म्हणजे वाईट माणूस नाही तो, घाबरलेला आहे. त्याला मुंबई म्हणजे काय होणार ते दिसत नाही, म्हणून वर्षाची मुदत घालतो. वर्षभरात सिलेक्शन झालं की नाही हे तुझ्या हातात नाही, त्यामुळं त्यावर पैज लावू नकोस, हरशील आणि मग मुकाट्यानं पोहे घेऊन बाहेर यावं लागेल. त्यांना असं सांग की या वर्षात मी नोकरी करून एक पूर्ण नाटक करणार, एका संस्थेची प्रवेश परीक्षा देणार आणि एवढे एवढे पैसे साठवणार. तिन्ही गोष्टी त्यांना डोळ्यांनी दिसतील अशा. स्थळांना मग "पुढच्या वर्षी बघू" म्हणायला त्यांच्याकडं पण काहीतरी राहतं.

आणि नाटक उभं राहिलं की त्यांना प्रयोगाला ने. पहिल्या रांगेत बसवू नकोस, तिथं ते तुझ्याकडं बघून अवघडतील आणि तू त्यांच्याकडं बघून. शेवटच्या रांगेत बसव, दाराजवळ, आणि आधीच काम सोपवून ठेव, की बाबा, माझ्या प्रत्येक वाक्याचा शेवट तुमच्यापर्यंत येतो का तेवढं ऐका, जिथं नाही आला तिथं तिकिटाच्या मागं एक रेघ मारा. घरी जाताना गाडीत ते तिकीट मागून घे आणि रेघा मोज. मला कळव किती होत्या.

- तुझी ताई